घोड्यांच्या हौदावरची काटकसर

तीर्थरूप मामांच्या पायाशी,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेला दीड महिना कंबर सरळ होत नाही, त्यामुळे सध्या मी ज्याला त्याला वाकूनच नमस्कार करतो. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं रक्तदाबाचं औषध बदललं असं आईकडून कळलं. नवं मानवतंय का? इकडे आई ठीक आहे, ही ठीक आहे, आणि दुकान जसं आहे तसं आहे, म्हणजे अर्धं वाळत घातलेलं आहे.

मावशीच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत, सगळ्या व्याह्यांच्या देखत मी तुम्हाला म्हणालो की तुम्ही सदतीस वर्षं लोकांच्या खिशात हात घालून पगार घेतलात. त्याला पंधरा महिने झाले. त्यानंतर तुम्ही मला पत्र लिहिलं नाहीत, मीही लिहिलं नाही. शब्द वावगा होता, हे मी मान्य करतो. कर कचेरीत बसणारा माणूस कर ठरवत नाही, तो फक्त मोजतो, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तोंड उघडं होतं आणि लोक ऐकत होते, आणि अशा वेळी माझं काय होतं ते तुम्ही मी सहा वर्षांचा असल्यापासून बघत आलाय. तेव्हा त्या वाक्याबद्दल माफी. मताबद्दल मात्र नाही. मत आहे तिथेच आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की भाचा नमला.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी गेली वीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याच्या डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवून झाल्यावर (म्हणजे त्याला उठून जाता येत नाही), सांगत आलोय. घर जसं चालतं तसं गाव चालावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत. पाणी, रस्ता, दिवा आणि चोर, एवढं नगरपालिकेने बघावं. बाकीचं माणूस आपलं आपण बघतो. आणि जो पैसा आपण कमावलेला नाही तो खर्चताना हात जरा थरथरला पाहिजे. यात काय चुकलं ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही. नळातून आलं ते वेगळं.

तर झालं असं की गेल्या वर्षी नगरपालिकेने तीन मजल्यांची नवी कचेरी बांधायला घेतली आणि तिला दोन लिफ्ट लावायचं ठरवलं. दोन लिफ्ट का, असं विचारल्यावर नगराध्यक्षांनी सांगितलं की एक बंद पडली तर दुसरी हवी. मग जिना कशाला आहे, असं विचारलं, तर पुढच्याच महिन्यात घरपट्टी वाढवायचा ठराव आला. मी 'आधी कात्री, मग कर' अशी पत्रकं काढली. लोकांनी उचलून धरलं. दुकानाबाहेर रांग लागली, आणि त्यातल्या निम्म्यांना तर चष्मा नकोच होता. नगराध्यक्ष मुरलेले आहेत. त्यांनी मला विरोध केला नाही. त्यांनी मला समितीवर घेतलं. खर्चकपात समिती, सभासद तीन. एक मी. दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई, ज्यांनी अर्ध्या गावाचे कान पिळलेत आणि उरलेल्या अर्ध्याचे पिळायचे राहिले याची त्यांना खंत आहे. तिसरे छापखानेवाले. समितीची कागदपत्रं छापायचं काम त्यांच्याचकडे आलं, तेव्हा त्यांनी तत्त्वाला स्मरून समितीचा राजीनामा दिला आणि काम ठेवलं. राहिलो आम्ही दोघं.

मामा, कचेरीच्या दारापाशी उभं राहून खर्च जास्त आहे म्हणणं सोपं; आत जाऊन कुठला, ते दाखवणं म्हणजे ओल्या हातांनी मासा धरणं. आम्ही सव्वा महिना खोल्या पालथ्या घातल्या. ज्या खोलीत जावं तिथला साहेब उठून उभा राहायचा, खुर्ची द्यायचा आणि सांगायचा की काटकसर झालीच पाहिजे, मीही तुमच्याच मताचा, बाजूच्या खोलीत बघा. आम्ही बाजूच्या खोलीत जायचो. तोही आमच्याच मताचा असायचा. एवढं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेवटी फिरत फिरत आम्ही आवक-जावक खात्याच्या मागे एका फळीवर पोचलो. तिथे एक जुनी वही होती, आणि तीत एक जागा नोंदलेली होती: चौकातल्या घोड्यांच्या हौदाचा रखवालदार, एक.

आमच्या गावात घोडा नाही. शेवटचा मी शाळेत असताना पाहिला, तोही सर्कशीबरोबर आला आणि गेला. पण हौद आहे. चौकाच्या चढावर, दगडी, त्याला एक पितळी नळ. आणि त्या नळासाठी गेली एकतीस वर्षं एक माणूस पगार घेत होता. हौदवाले काका म्हणून सगळं गाव त्यांना ओळखतं. रोज सकाळी सहाला यायचे, नळ उघडायचे, सातला बंद करायचे, हौद घासायचे, घरी जायचे. मला तर घबाड सापडल्यासारखं झालं. लिफ्ट, घरपट्टी, सगळं बाजूला राहिलं. घोडा नाही तिथे घोड्याचा नोकर. माझ्या वीस वर्षांच्या बोलण्याचा पुरावा दगडात कोरून चौकात उभा होता आणि मी रोज त्याच्यासमोरून जात होतो.

बाई म्हणाल्या, एकदा त्या माणसाला विचारून बघू या. मी म्हणालो, काय विचारायचं? घोडे कुठे गेले ते? (या वाक्याबद्दलही माफी मागायची आहे, पण ती बाईंची, ती वेगळी मागितली आहे.) अहवाल लिहिला. त्यात दोन कलमं होती: लिफ्ट रद्द करा, हौदाची जागा रद्द करा; शिवाय एक पुरवणी, मला जादा वाटलेल्या सामानाची. सभेत लिफ्टचं कलम 'अधिक अभ्यासासाठी' पुढे ढकललं गेलं आणि हौदाचं एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. मला हार घातला. मीही तो घालून घेतला, मामा. खोटं कशाला बोलू.

हौदवाले काका किल्ली द्यायला दुकानात आले. दोऱ्याने बांधलेला चष्मा, हातात एक कळकट फडकं, त्यात नळाची किल्ली. भांडायला आलेत असं वाटून मी दोन-चार वाक्यं तयार ठेवली होती. त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "सकाळी त्याला जरा खोकू द्यायचं बघा. आधी खोकतो, मग पाणी देतो." मला वाटलं, म्हातारा माणूस, एकतीस वर्षांची सवय, नळाशी माया जडली असेल. मी हो हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या माणसाने नळ काढून तिथे बूच ठोकलं. त्या पितळेचा लिलावही करावा असं मी सुचवलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या दुकानापुढचा रस्ता आधी गुरगुरला आणि मग फुटला.

पुढचं वर्णन हिने केलं तर जास्त चांगलं होईल, कारण ती वरच्या खिडकीत होती आणि मी खाली. तळघरात माल होता. सहाशे फ्रेमा, काचांची कपाटं, जुनं तपासणीचं यंत्र आणि 'आधी कात्री, मग कर'ची चार हजार पत्रकं, जी पाण्यात भिजून एवढी फुगली की तळघराचं दार आतून बंद झालं. दार फोडलं तेव्हा पाणी कमरेला लागत होतं, आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता माझ्यासमोरून तरंगत गेला. सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसत होतं, खालची पाण्यात होती. मी बादली घेतली. शेजारच्या शिंप्याने बादली घेतली. तीन तास उपसलं. कंबर तिथे गेली. मग अग्निशमनची गाडी आली. त्यांचा प्रमुख शांत माणूस आहे. त्याने रस्त्याकडे पाहिलं, तळघराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "कोणता पंप लावू? पहिला, की तुम्ही अहवालाच्या पुरवणीत जादा म्हणून दाखवलेला?"

मी म्हणालो, दोन्ही लावा.

दुपारी अभियंता आला. तरुण आहे, पण जुने नकाशे वाचतो, हे त्याच्याविषयी चांगलं सांगता येईल. त्याने चौकटीच्या कागदावर काढून दाखवलं. रात्रभर रस्त्याखालची मुख्य जलवाहिनी रिकामी असते, सकाळी पाणी सोडलं की आतली हवा पुढे रेटली जाते, आणि ती हवा गावातल्या सगळ्यात उंच जागी जाऊन अडकते. ती उंच जागा म्हणजे चौकातला हौद. तिथला नळ उघडा असला की हवा खोकत बाहेर पडते. बंद असला की दाबली जाते, पाण्याला मागे ढकलते, आणि मग जिथे सांधा कच्चा असेल तिथे जलवाहिनी फुटते. कच्चा सांधा आमच्या दुकानासमोर होता, यात मात्र माझा काही हात नाही. कुणीतरी जुन्या अभियंत्याने, हवा काढायची वेगळी यंत्रणा महाग पडते म्हणून, घोड्यांच्या हौदावरच काम भागवलं होतं. म्हणजे विचार करा. ज्या एका माणसाने या गावात खरी काटकसर केली, त्याचीच काटकसर मी उधळपट्टी म्हणून कापली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी मी हौदवाल्या काकांकडे गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. सून शिवणयंत्रावर बसली होती. तिने मला ओळखलं, यंत्र थांबवलं नाही, पायाने खुर्ची पुढे सरकवली. काका खिडकीपाशी डाळीतले खडे निवडत होते आणि त्यांना खडे दिसत नव्हते, डाळच खड्यांत टाकत होते. वीस वर्षांचा धंदा. बसल्या बसल्या कळलं की चष्म्याचा नंबर दोनाने तरी चुकलाय. मी कशी सुरुवात करावी याचा विचार करत होतो, तर तेच म्हणाले, "तुमचं तळघर भरलं म्हणे."

मी म्हणालो, हो. मग म्हणालो, त्या हवेबद्दल तुम्हाला माहीत होतं का?

ते म्हणाले, "हवाबिवा नाही माहीत. मला आधीच्या रखवालदाराने सांगितलं, सहाला उघड, खोकला थांबेपर्यंत हलू नको. मी हललो नाही." डाळीचा आणखी एक दाणा खड्यांत टाकला. "खरं सांगू का, घोडे नाहीत मग मी कशाला, असं मलाही वाटायचं. एकतीस वर्षं वाटत होतं. तुमचं पत्रक वाचलं तेव्हा म्हटलं, बरोबर बोलतोय माणूस. घरपट्टी मीपण भरतो."

मामा, माणूस शिव्या देतो तेव्हा बरं असतं. आपल्यालाही दोन देता येतात. तो आपल्या बाजूचा निघाला की जागा उरत नाही. मी त्यांना दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावलं, डोळे तपासले, नवा चष्मा केला आणि पैसे घेणार नाही म्हणालो. तर ते म्हणाले, फुकट नको, फुकट काही नसतं, कुणाच्यातरी खिशातून जातंच. हे माझं वाक्य आहे. पत्रकाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. माझ्याच दुकानात उभं राहून माणसाने ते मला ऐकवलं आणि पैसे मोजून ठेवले. नवा चष्मा घालून त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे, आणि म्हणाले की मी त्यांना आजपर्यंत जरा उंच वाटत होतो.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. (वाकून उभा राहिलो.) सांगायचं ते सांगितलं. कात्री माझी होती, चूक माझी होती. आम्ही कापलं ते जास्तीचं होतं म्हणून नाही, तर ओरडणारं कुणी नव्हतं म्हणून. लिफ्टमागे ठेकेदार होता, साहेब होते, त्यांचे साडू होते, आणि हौदामागे फडक्यात किल्ली गुंडाळलेला एक म्हातारा होता, म्हणून लिफ्टचा अभ्यास झाला आणि हौदाचा ठराव. काटकसर करायची ती आधी जो माणूस ते काम करतो त्याच्याशी बोलून करावी, एवढं मला कळायला सहाशे फ्रेमा लागल्या. आणि माझं जे नुकसान झालं ते मी सोसेन, सार्वजनिक तिजोरीतला एक छदाम घेणार नाही, असंही बोलून गेलो. त्यावर पुन्हा टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मी बोलत सुटतो, हे आता मलाही कळायला लागलंय.

मी बसतो न बसतो तोच मुख्याध्यापिका बाई उठल्या. त्या दोनच मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, चूक कबूल करणाऱ्याला मी वर्गात कधी शिक्षा केली नाही, पण त्याच्या आडून लपणाऱ्याला केलीय. आता लिफ्टचं कलम घ्या. सभागृहातले निम्मे सभासद त्यांचे विद्यार्थी. बाईंनी प्रत्येकाकडे त्याच्या शाळेतल्या टोपणनावाने पाहिलं (टोपणनावाने पाहता येतं, मी पाहिलंय) आणि एका मताच्या फरकाने एक लिफ्ट रद्द झाली. दुसरी ठेवली, आजारी आणि म्हाताऱ्यांसाठी. त्याला मीही हात वर केला, कारण माझ्या कमरेला तो जिना झेपला नव्हता. घरपट्टीची वाढ निम्म्यावर आली. तेव्हा तुम्ही हसलात तरी हिशेबात हे धरा की वाढ निम्मी झाली, आणि ती आमच्यामुळे झाली.

राहिला हौद. मला वाटलं, नळ परत लावला आणि काकांना बोलावलं की संपलं. पण तुमच्या सरकारी नियमांची गंमत तुम्हाला ठाऊक. रद्द केलेली जागा पाच वर्षं परत भरता येत नाही. नवी जागा मात्र केव्हाही काढता येते. नवी काढायची तर नवं नाव हवं, आणि घोडे नसल्याचं आता दप्तरी नोंदलं गेलेलं. म्हणून 'जलवाहिनी वायुविमोचन पर्यवेक्षक' अशी जागा निघाली. पर्यवेक्षक म्हटलं की वेतनश्रेणी वरची. वरच्या श्रेणीला टेबल, खुर्ची आणि नोंदवही लागते. ठराव मांडायला समितीचा सभासद हवा, तो मी. अशा रीतीने या गावात गेल्या दहा वर्षांत एका माणसाचा पगार एकदम दीडपट करण्याचा जो एकमेव ठराव झाला, त्याच्याखाली सही माझी आहे. काका परत सहाला येतात. टेबल-खुर्ची चौकात ठेवता येत नाही, म्हणून ती कचेरीत रिकामी असते. नोंदवही ते घेऊन येतात. मी परवा उघडून पाहिली. रोज एकच ओळ आहे: नळ खोकला. मग पाणी आलं.

मी रोज सकाळी तिकडून चक्कर मारतो. नळ फुरफुरतो, गुरगुरतो, दोन-तीनदा जोरात खोकतो, आणि मग धार सरळ होते. तेवढं ऐकून मी दुकान उघडतो. ते ऐकताना मला एक-दोनदा तुमची आठवण आली. सदतीस वर्षं तुम्हीही कुणालातरी नकोशा वाटणाऱ्या टेबलाशी वेळेवर जाऊन बसलात. कर जास्त आहे, हे मी म्हणतच राहीन. पण त्या पंगतीत मी तुम्हाला घोडे कुठे गेले असं विचारायला नको होतं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या. राग उरला असेल तर तोही कळवा, पण पत्र लिहूनच कळवा.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या चष्म्याची काच बदलायला झाली असेल. नंबर पाठवा. घरच्या माणसाला सवलत देतो, ती माझ्या खिशातून असते, त्यात तत्त्वाचा प्रश्न येत नाही.

ता. क. २. एक किरकोळ गोष्ट. नगरपालिका नळफुटीच्या नुकसानीची भरपाई देते. सभेत मी काय बोललो ते वर लिहिलंच आहे, पण नंतर शांतपणे विचार केला. मी वीस वर्षं कर भरलाय. स्वतःचाच पैसा परत घेणं हा काही सरकारी खर्च होत नाही. झालाच तर ती करकपात होते, आणि करकपातीला माझा कधीच विरोध नव्हता. फॉर्म सोबत पाठवतोय. अडचण रकाना नऊची आहे: 'नुकसानीचे कारण'. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की अर्जदाराच्या स्वतःच्या कृतीमुळे नुकसान झालं असल्यास भरपाई मिळणार नाही. खोटं मी लिहिणार नाही. खरं लिहून भागत नाही. तुम्ही सदतीस वर्षं लोकांचे रकाने वाचलेत. खऱ्यातलं कुठलं खरं कारकुनाला चालतं ते तुम्हालाच ठाऊक असणार. मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. उलट टपाली कळवावं.

मामांना आणि मामींना माझा नमस्कार. पत्र पाकिटात घालायला यांनी परवा माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं, आणि खाली जागा होती म्हणून लिहिते. फॉर्म पाकिटात शोधू नका. तो मी कालच भरून दिला. सहा वर्षांपूर्वी, बायकांच्या नावावरच्या दुकानाला पट्टी कमी बसते म्हणून, यांनीच दुकान माझ्या नावावर केलंय; ते हे विसरलेत. म्हणजे अर्जदार मी. रकाना नऊमध्ये मी 'पती' असं लिहिलं. कारकुनाने ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि मंजुरीचा शिक्का मारला.